डिअर कॅम्पवर नवखी म्हणून: एक परीक्षण

हॉटेलांची, कुकरची, विमान कंपन्यांची परीक्षणं आपण लिहीतच असतो. हे जरा वेगळ्या जागेचं आहे. इथे बुकिंग होत नाही, दरपत्रक नाही, कुणीतरी बोलवावंच लागतं. पण विस्कॉन्सिन, मिशिगन, मिनेसोटा अशा भागात राहणाऱ्या मराठी माणसाला ऑफिसातलं कुणी ना कुणी कधीतरी ‘आमच्या डिअर कॅम्पला चल’ म्हणतंच. डिअर कॅम्प म्हणजे हरणाच्या शिकारीसाठी रानातला मुक्काम. आणि मग जावं का, काय न्यावं, बंदूक हातात धरली तर व्हिसाचं काय, हे विचारायला आपल्यात माणूस सापडत नाही. मला सापडला नव्हता, म्हणून लिहिते.

मी विस्कॉन्सिनमधल्या वॉसॉ इथे एका प्रयोगशाळेत काम करते. बोलावणं आलं ते शेजारच्या टेबलावरच्या सहकारणीकडून. कॅम्प तिच्या वडिलांचा. वॉसॉहून हायवे ५१ने टोमाहॉकपर्यंत उत्तरेला जायचं आणि तिथून हायवे ८६ धरून पश्चिमेला ओगेमा, सव्वा-दीड तासाचा रस्ता. राज्यातलं सगळ्यात उंच ठिकाण, टिम्स हिल, याच गावाजवळ आहे. उंची ५९५ मीटर. सह्याद्री बघितलेल्याने मान डोलवावी आणि गप्प बसावं.

चाळीस एकर रान आणि त्यात लाकडी खोपटं. दोन खोल्या, दुमजली पलंग, लाकडावरची शेगडी, संडास बाहेर. बांधलं सहकारणीच्या आजोबांनी. आता कारभार वडिलांकडे. त्यांच्याबरोबर तिचे दोन भाऊ, एक आत्तेभाऊ आणि वडिलांचे कागद गिरणीतले दोन जुने मित्र. वर्षानुवर्षं तीच माणसं, त्याच पलंगांवर. बाईमाणूस ती एकटी. याआधी बाहेरचा कोण आला होता विचारलं तर म्हणाली, एक जावई, पण तो टिकला नाही. कॅम्पात टिकला नाही की लग्नात, ते मी विचारलं नाही.

विस्कॉन्सिनचा बंदुकीचा हंगाम नऊ दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, नंतरच्या रविवारी संपतो. गणपतीला मुंबईतल्या चाळी ओस पडतात तशी त्या शनिवारी इथली गॅरेजं, दुकानं, कारखान्यातल्या पाळ्या ओस पडतात. पाच लाखांहून जास्त लोक परवाने काढतात. पांढऱ्या शेपटीचं हरीण हा राज्याचा अधिकृत वन्यप्राणी, आणि त्याचीच शिकार हा राज्याचा सण. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरीण आणि शिकार हे दोन शब्द एकत्र आले की पुढे पोलीस आणि कोर्ट येतं, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना कसंसंच होतं. मला कमी झालं. देवरुखकडच्या आमच्या गावात आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, पीक राखण्याच्या परवान्याची, आणि रानडुकराच्या हाक्याच्या गोष्टी ऐकतच मी मोठी झाले. ज्यांना कसंसं होतं त्यांनी जाऊच नये. कॅम्पात जाऊन तोंड वाकडं करणारा पाहुणा कुणालाच नको असतो.

आधी कागदपत्रांची बाजू, कारण तिथेच बहुतेक लोक घाबरतात. १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही इथे शिकारीचा परवाना काढायचा तर आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. माझा जन्म १९७४चा. प्रौढांना हा कोर्स ऑनलाइन करता येतो, पण मी मुद्दाम वर्गात बसले. फी दहा डॉलर. शिकवणारे सगळे स्वयंसेवक. १९६७ पासून हे राज्यात असंच चाललंय. माझ्या बाकावर बारा वर्षांचा एक मुलगा, त्याला बंदुकीबद्दल माझ्या शंभरपट जास्त माहिती. चार नियम घोटून घेतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजा, नळी कायम सुरक्षित दिशेला, नेम कशावर आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री करा, बार टाकायच्या क्षणापर्यंत बोट घोड्यापासून लांब. बंदूक दुसऱ्याच्या हातात कशी द्यायची, कुंपण ओलांडताना ती कुठे ठेवायची, हे प्रत्यक्ष करून दाखवावं लागतं. या कोर्सला मी पाचपैकी पाच देते. शिकार करायची नसली तरी करा. आपली मुलं इथे मित्रांच्या घरी खेळायला जातात आणि त्यातल्या कित्येक घरांत बंदूक असते.

कोर्स नको असेल तर दुसरी वाट आहे. २००९ पासून ‘मेंटॉर्ड हंटिंग’चा कायदा आहे: परवानाधारक जाणता माणूस हाताच्या अंतरावर बसणार असेल तर कोर्सशिवाय परवाना मिळतो. राज्याचा रहिवासी असाल तर बंदुकीचा हरणाचा परवाना २४ डॉलरला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच काढत असाल तर पाच डॉलरला. पाच डॉलरमध्ये इथे धड कॉफी येत नाही.

व्हिसाचं मात्र नीट ऐका. ग्रीनकार्डवाल्यांना अडचण नाही. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना केंद्रीय कायद्याने बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगायला मनाई आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. म्हणजे क्रम उलटा नको. आधी परवाना खिशात, मग बंदुकीला हात. ‘जरा धरून तर बघ’ म्हणत कुणी फोटोसाठी पुढे केली तरी नको. माझा भाचा एच-वनवर आहे. त्याला मी सांगितलं, आधी वकिलाला विचार, मग मावशीला.

कपड्यांबद्दल दोन शब्द आणि एक तक्रार. कमरेच्या वर बाहेरून दिसणाऱ्या कपड्यांपैकी निम्मा तरी भाग भगभगीत नारिंगी असायला हवा, टोपी घातली तर तीही. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. बायकांना शिकारीकडे ओढायला म्हणे. माझ्या सहकारणीचं त्यावरचं मत इथे छापण्यासारखं नाही. हरणाला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, त्यामुळे हा सगळा नारिंगी झगमगाट त्याला मळकट दिसतो आणि माणसाला अर्ध्या मैलावरून. एका मोठ्या दुकानात गेले तर बायकांच्या मापाचं एक जाकीट, तेही दांडीवर एकटं लोंबकळत. शेवटी पुरुषांचं लहान माप घेतलं, बाह्या दोनदा दुमडल्या. तेवढा पैसा बुटांवर घाला. जाकीट उसनं मिळतं. बूट मिळत नाहीत.

आता एक नाजूक गोष्ट. उत्तरेच्या रानात आशियाई चेहऱ्याच्या माणसाने नारिंगी जाकीट घालून उतरायचं म्हटलं की २००४चा नोव्हेंबर आठवतोच. सॉयर काउंटीत, दुसऱ्याच्या जमिनीवरच्या मचाणावर बसण्यावरून एक हमोंग (आग्नेय आशियातून आलेल्या समाजातला) शिकारी आणि स्थानिक शिकाऱ्यांत बाचाबाची झाली आणि सहा जण गोळ्यांनी मेले. एका माणसाच्या कृत्यानंतर पुढे कित्येक वर्षं हमोंग शिकाऱ्यांना संशयाच्या नजरा झेलाव्या लागल्या. वॉसॉत हमोंग वस्ती मोठी आहे. आमच्याच विभागातला एक हमोंग सहकारी लहानपणापासून शिकार करतो. मी चालले म्हटल्यावर तो एकच म्हणाला, “ताई, हद्द बघून घे. आणि मालकाने स्वतः दाखवलेली हद्द बघ, फोनवरची नाही.” (तो ‘ताई’ म्हणत नाही अर्थात, पण त्याच्या बोलण्यात तेच असतं.)

म्हणून या कॅम्पचं परीक्षण मी शनिवारपासून नाही, शुक्रवार दुपारपासून करते. पोचल्या पोचल्या म्हाताऱ्याने, म्हणजे सहकारणीच्या वडिलांनी, कॉफीचा कप हातात दिला आणि “पिऊन झालं की बूट घाल” म्हणाला. मग तो मला घेऊन चाळीस एकरांची चारही बाजूंची हद्द चालला. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस, गुडघे दुखत असताना, दलदलीतून. दर थोड्या अंतरावर झाडावरची रंगाची खूण दाखवत होता. इकडे आपलं, तिकडे राष्ट्रीय जंगल, तिकडे शेजाऱ्याचं. शेजारी भेटला. त्याला म्हाताऱ्याने माझं नाव सांगितलं, दोनदा, नीट उच्चारून, आणि सांगितलं, “ही उद्या पूर्वेच्या डब्यात बसणार आहे.” (डबा म्हणजे शिकाऱ्याने बसायचा लाकडी खोका.) शेजाऱ्याने माझ्याकडे न बघता त्या डब्याच्या दिशेकडे बघितलं, मान हलवली. झालं.

संध्याकाळी हाच कार्यक्रम भिंतीवरच्या नकाशासमोर. कोण कुठे बसणार, कुणाचा बार कुठल्या दिशेला जाऊ शकतो, कुठल्या दिशेला अजिबात नाही. माझ्या नावाची टाचणी लावली आणि एकेकाला म्हाताऱ्याने विचारलं, “ती कुठे आहे?” प्रत्येकाने बोट ठेवून दाखवायचं. गिरणीतला तो अबोल मित्र, जो मला बघून फारसा खूश नव्हता हे उघड दिसत होतं, त्यालासुद्धा सोडलं नाही. त्याने टाचणीवर बोट ठेवलं. कॅम्पात नव्या माणसाचं स्वागत म्हणतात ते हे. मिठ्या नाहीत, भाषण नाही. तू कुठे आहेस हे बंदूक घेतलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, एवढं करून दिलं की बाकीचं पाहुण्याने सांभाळावं. तुम्हाला बोलावणाऱ्या कॅम्पात हे शुक्रवारचं काम होत नसेल, ‘सकाळी बघू’ म्हणत असतील, तर शनिवारी खोपटातच बसा आणि भांडी घासा.

भांडी तशीही घासावी लागतातच. पहिल्या वर्षीच्या माणसाला तीन कामं: पाणी आणणं, भांडी आणि एका रात्रीचं जेवण. हे मला आधी कळलं होतं, म्हणून भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आइस्क्रीमच्या डब्यात गोठवून नेलं होतं. तिथे मिक्सर कुठला. गेल्या वर्षीचं हरणाचं मटण फ्रीजरमधून निघालं. या मांसाला चरबी नसते, त्यामुळे नुसतं परतलं तर चिवट होतं. कुकरला लावून, वाटण घालून, मालवणी मसाला नेहमीच्या निम्म्याने. तरी भाऊ घामाघूम. म्हाताऱ्याने पहिल्या घासाआधीच केचप ओतला. तो मॅश्ड पोटॅटोवरही ओततो असं कळल्यावर मी मनाला लावून घेतलं नाही. आत्तेभावाने ब्रेडने ताट पुसून खाल्लं आणि पुढच्या वर्षी किती आणशील विचारलं.

रात्री पत्ते. खेळ शीप्सहेड, जर्मन लोकांनी आणलेला. राण्या सगळ्यात मोठ्या, त्याखाली गुलाम, आणि हुकमाबाहेरच्या रंगांत दश्शा राजाला मारतो. बाहेरच्याला हे ऐकून डोकं धरावंसं वाटतं. पण मेंढीकोट खेळून वाढलेल्याला दश्शा जपायची सवय असतेच. दुसऱ्या डावापासून अबोल मित्र माझा भिडू व्हायला तयार झाला. बिअर होती, पण बंदुका रिकाम्या करून, पडवीतल्या मांडणीत लागल्यानंतर, आणि झोपायच्या खूप आधी बंद. इथे नियम कागदावर नाही. म्हाताऱ्याने बाटलीचं झाकण लावलं की सगळ्यांची लागतात.

पहाटे साडेचारला उठवतात. कायद्याने सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून बार टाकता येतो, आणि त्याच्याही आधी सगळ्यांनी अंधारात जागेवर पोचून स्तब्ध व्हायचं. मला दिलेला पूर्वेचा डबा म्हणजे जमिनीपासून थोडा वर बांधलेला लाकडी खोका, तीन बाजूंना खिडक्या, आत गॅसचा छोटा हीटर. सगळ्या नवख्यांना तोच देतात, कारण संडासाला सगळ्यात जवळ आहे. झाडावरच्या उघड्या मचाणावर चढायची परवानगी पहिल्या वर्षी नाही, आणि चढलं तर सुरक्षापट्टा बांधल्याशिवाय कुणालाच नाही. शिकारीतले अपघात गोळीने होतात असं आपल्याला वाटतं; मचाणावरून पडून हाडं मोडलेले लोक मी माझ्या कामात जास्त बघते. शेजारी म्हातारा बसला. गरज नव्हती, माझा कोर्स झाला होता. “मला गुडघ्यांमुळे लांब जाता येत नाही,” म्हणाला. आदल्या दिवशी सगळी हद्द चाललेला माणूस.

तासन्‌तास काही होत नाही, हे तयारीत धरा. एक मादी आली, पिल्लासकट, अगदी समोर. उत्तरेकडच्या काही काउंट्यांत काही वर्षी मादीचे परवाने मिळतच नाहीत, आणि माझ्याकडचा परवाना शिंगवाल्या नराचाच होता. तिने आमच्याकडे बघितलं, पाय आपटला, गेली. त्या सकाळी मी बार टाकला नाही, नंतरही नाही. थोरल्या भावाला नर मिळाला. सगळे जाऊन ओढत आणला, पोट तिथेच साफ केलं. वास येतो, पण प्रयोगशाळेत काम करणाऱ्याने तक्रार करू नये. मारलेल्या हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते. फोनला रेंज नसल्याने ती नोंद गावातल्या बारमध्ये होते. हा योगायोग मुळीच नाही.

दुपारी हाका झाला. आपल्याकडे हाकारे डबे बडवत, आरोळ्या देत येतात असं ऐकलेलं. इथे रांग धरून नुसतं सावकाश चालायचं, एकमेकांना दिसत राहायचं, अधूनमधून साध्या आवाजात बोलायचं. हरणं तेवढ्यानेच पुढे सरकतात. नवखा कायम हाकाऱ्यांत. समोर बसलेल्यांनी रांगेच्या दिशेला बार टाकायचा नाही, आणि म्हणून आदल्या रात्रीचा नकाशा. चालताना माझ्या एका बाजूला धाकटा भाऊ, दुसऱ्या बाजूला अबोल मित्र. दलदलीत माझा बूट रुतला तेव्हा दोघं थांबले, आणि पूर्ण रांग थांबली.

वाट्याची पद्धत मला सगळ्यात आवडली. आजोबांच्या गोष्टींत बार लागला त्याचा वाटा मोठा, बंदुकीचा वेगळा, हाकाऱ्यांचे लहान. इथे हंगामभर जे मिळेल ते एकत्र, आणि डोक्यामागे सारखं. माझं डोकंही धरलं. मी संकोचले तर सहकारणी म्हणाली, “रांगेत चाललीस ना?”

मांस घरी आणण्याआधीचं एक मात्र माझ्या धंद्यातलं. हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा रोग आहे. या राज्यात २००२ साली माउंट होरेबजवळ पहिल्यांदा सापडला. प्रिऑनमुळे होतो, म्हणजे चुकीची घडी पडलेलं प्रथिन, आणि ते शिजवून मरत नाही, कारण ते जिवंतच नसतं. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरीण खाऊ नये असाच सल्ला आहे. राज्य तपासणी फुकट करून देतं, मुंडकं ठरलेल्या पेटीत ठेवून यायचं. निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये. या कॅम्पात हे होत नव्हतं. ‘इकडे कुठला रोग’ असं उत्तर मिळालं. मी म्हटलं, मुंडकं मी नेते. नेलं. निकाल ठीक आला. पुढच्या वर्षी ते काम माझ्याकडे लागलंय असं ऐकते. शिवाय जखमेभोवतालचं मांस सढळ हाताने काढून टाका, शिशाचे बारीक कण दूरवर जातात. तांब्याच्या गोळ्या वापरत असतील तर उत्तम. आणि सॉसेज करायला बाहेर देणार असाल तर आधी विचारा की आमचं मांस वेगळं ठेवणार का. गावातल्या एका दुकानात स्वच्छ सांगितलं की सगळ्यांचं एकाच घाण्यात पडतं. आम्ही घरीच केलं.

तारे: पाचपैकी चार. एक कापला तो घोरण्यासाठी आणि संडासाच्या वाटेवर दिवा नसण्यासाठी मिळून. ‘तुमच्याकडे हरणाची पूजा करतात का’ हा प्रश्न दोनदा आला. तारा कापण्याइतका वाईट नव्हता. मी विचारलं, तुमच्याकडे फुटबॉलची करतात का, आणि रविवारी पॅकर्स या इथल्या फुटबॉल संघाचा सामना लागल्यावर उत्तर मिळालं.

नेताना: लोकरीचे मोजे जास्तीचे, कानात घालायचे बोळे, डोक्याला बांधायची बॅटरी, आणि खाण्याचं असं काहीतरी जे थंडही खाता येईल. माझी शंकरपाळी डब्यात बसल्या बसल्या संपली. करकर आवाज होतो म्हणून म्हाताऱ्याने आधी डोळे वटारले, मग हात पुढे केला. चकली नेऊ नका, आवाज फारच होतो. शाकाहारी असाल तरी जायला हरकत नाही, चीज, ब्रेड, बटाटे आणि भोपळ्याचा गोड ‘पाय’ (पंपकिन पाय) भरपूर असतो. फक्त आधी कळवा, कारण तिथे घेवड्याच्या पातेल्यातसुद्धा बेकन असतं आणि ते कुणी सांगत नाही.